लोटलेलं दार

बाई दारासमोर उभ्या राहिल्या आणि ते उघडायची वाट पाहू लागल्या. दार साधंच होतं, थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघराचं. खालच्या कोपऱ्यात ओल धरून फुगलेलं, आणि जिथे रोज हात लागतो तिथला हिरवा रंग उडून लाकूड उघडं पडलेलं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता, चहाचा वास येत होता, आणि बाई हातात रिकामा पेला धरून, पाठ ताठ, हनुवटी जराशी वर, अशा उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. आतून ताई म्हणाली, "अगं, ये की आत. कुणाची वाट बघतेस?" तरी बाई हलल्या नाहीत. हलायचं नव्हतं असं नाही. पण दार अजून उघडलं नव्हतं ना! मग सपाता ओढल्याचा आवाज आला, दार कुरकुरलं, फटीतून ताईचा चष्मा दिसला, आणि काय झालंय ते बाईंच्या आधी तिला कळलं. ती तोंडावर हात दाबून हसायला लागली. "अगं बारके, ढकल की! नुसतं लोटलेलं आहे ते. कडी तरी कुठाय त्याला?"

बाई हसल्या. हसण्यासारखंच होतं. पण अंधारात जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं त्यांना क्षणभर झालं. चहा घेताना त्यांनी आपले हात टेबलाखाली लपवले. देशाची राष्ट्रपती होऊन चार वर्षं होत आली होती आणि या चार वर्षांत आपण एकही दार उघडलेलं नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात येत होतं. राष्ट्रपतींच्या प्रासादात प्रत्येक दाराशी पांढरे हातमोजे घातलेले दोन शिपाई असत. पावलांचा आवाज ऐकून ते दार अशा बेताने उघडत की चालणाऱ्याची चाल मोडू नये. पहिल्या आठवड्यात बाईंना त्याची लाज वाटायची, मग सवय झाली, मग दारं आहेत हेच त्या विसरल्या. मनुष्याचं मन मोठं लबाड. ज्याची लाज वाटते ते आधी नजरेआड करतं आणि मग म्हणतं, कुठे काय आहे!

"दुखतोय का हात?" ताईने विचारलं.

"नाही गं."

"मग वर काढ. बिस्कीट कशाने खाशील?"

ताई टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती, नोकरी संपेपर्यंत. सगळ्या शहराचं बोलणं तिच्या बोटांतून गेलं, आणि त्यातला एक शब्दही तिचा नव्हता. बाई निवडून आल्या त्या दिवशी देशभर दिवे लागले होते, आणि ताईने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "म्हणजे तूही ऑपरेटरच झालीस की. जोडून द्यायचं, मधे बोलायचं नाही." बाई तेव्हा खूप हसल्या होत्या. कॉलेजात राज्यघटना शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण कुठल्याच पुस्तकात ही व्याख्या त्यांना इतकी चोख सापडली नव्हती. दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, "बाई, सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करायचं, तर मग राष्ट्रपती हवेत कशाला?" आणि बाई दर वर्षी म्हणायच्या, "घरात माणसं राहतात ती भिंतींच्या आत, पण म्हणून छप्पर काढून टाकतो का आपण?" वर्ग हसायचा. उत्तर झकास होतं. छपराला काय वाटतं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

महिन्यातला एक रविवार हा ताईचा. त्या दिवशी सकाळीच सुरक्षेची माणसं कुत्र्यांना घेऊन यायची. पलंगाखाली, पिठाच्या डब्यात, कपाटामागे हुंगून व्हायचं. मग बाई तीन जिने चढून यायच्या आणि दार मागे लोटलं जायचं. त्या दाराच्या आत त्या राष्ट्रपती नव्हत्या, बारकी होत्या. तिला बोलणी बसत, तिच्या केसांत कंगवा फिरे, तिला "चष्म्याची काच पुसत जा, सगळ्या देशाला धुकट दिसायला लागेल" असं ऐकून घ्यावं लागे. जगात तेवढं एकच दार उरलं होतं तसं.

आणि नेमकं तेच दार त्या विधेयकात होतं.

जुन्या इमारतींचं विधेयक. संसदेने ते मंजूर केलं होतं आणि बाईंच्या सहीसाठी ते प्रासादातल्या टेबलावर येऊन पडलं होतं. जुनी इमारत धोक्याची ठरली की दारावर नोटीस चिकटवायची आणि ठरल्या मुदतीत घर रिकामं करून घ्यायचं, एवढंच त्यात होतं. आजवर त्याआधी सुनावणी होत असे. भाडेकरूला बोलावत, त्याचं म्हणणं ऐकत, कधीकधी मानतही. ती सुनावणी आता गाळली होती. कामं खोळंबतात, इमारती कोसळतात, माणसं मरतात, असं सरकारचं म्हणणं. आणि ते काही खोटं नव्हतं. गेल्या वर्षी एक चाळ पडली तेव्हा ढिगाऱ्याजवळ बाई स्वतः उभ्या राहिल्या होत्या, सरकारने लिहून दिलेली चार वाक्यं वाचत. पण पुरतं ऐकून न घेता माणसाला घराबाहेर काढायचं, या विचाराशी बाईंचं मन जे अडायचं ते तिथून पुढे सरकतच नव्हतं. ताईची इमारत पहिल्याच यादीत होती. ताई त्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. बाईंनीही विचारलं नव्हतं. दोघी चहा पीत होत्या आणि त्यांच्यामध्ये बिस्किटांच्या बशीशेजारी ते विधेयक जणू तिसऱ्या पाहुण्यासारखं बसलं होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे घड्याळजी आले. सुरक्षेच्या माणसाने त्यांना चाचपून आत सोडलं होतं. म्हातारे गृहस्थ, एका डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलेलं, तसंच विसरलेलं. उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "बाई, मी काही मागायला आलो नाही. फक्त एवढंच... ती सही..."

हो म्हणणंही चुकीचं, नाही म्हणणंही चुकीचं, आणि गप्प बसणं सगळ्यात चुकीचं. त्या गप्प बसल्या. ताई उठली. "काका, ती इथे चहा प्यायला येते, राज्य चालवायला नाही. बसा, तुम्हीही घ्या. आणि ते भिंग खाली घ्या, म्हशीचा डोळा दिसतोय कपाळावर." घड्याळजी ओशाळून हसले, पण बसले नाहीत. जाताना त्यांनी दार इतकं हळू लोटलं की त्याचा कुरकुर आवाजसुद्धा झाला नाही. तो न झालेला आवाज बाईंच्या कानात गाडीत बसेपर्यंत राहिला.

गाडी निघाली. रस्ते आधीच मोकळे केलेले. कोपऱ्याकोपऱ्यावर दोरीमागे थांबलेली माणसं, कोणी हात हलवणारी, कोणी घड्याळ बघणारी. काचेतून बाहेर काही ऐकू जात नसे आणि आत काही ऐकू येत नसे. बाईंना वडील आठवले. वडील दिवसा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, बोटांची टोकं कायमची काळी, आणि संध्याकाळी प्रार्थनाघरात गायचे. देवापुढे उभा राहिला की तो बारीक अंगाचा माणूस दारापेक्षा उंच वाटायचा. दोघी मुली त्यांच्या मागे उभ्या. वडील एक ओळ म्हणणार, या दोघी तीच ओळ उचलून धरणार. वडील पुढे जाणार, आळवणार, उलगडणार, लोकांना हसवणार, रडवणार, आणि मागे या दोघी तीच पहिली ओळ घेऊन उभ्या. बारकीला कंटाळा यायचा. एकदा घरी येताना ती म्हणाली होती, "बाबा, आम्ही तेच तेच म्हणतो. आम्हाला नवीन कधी म्हणायला देणार?" वडील म्हणाले, "मागे उभं राहणाऱ्यानं पुढे जायचं नसतं, राजा. मी कुठे कुठे भटकून येतो, ते तुम्ही ती ओळ धरून ठेवता म्हणून. नाहीतर परत कुठे येऊ मी?"

आणि एका संध्याकाळी ते खरंच भरकटले. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते. गाता गाता आवाज वर गेला आणि तिथेच राहिला, शब्द हरवले, डोळे मिटलेले, हात पुढे केलेला तसाच; आणि प्रार्थनाघरात अशी शांतता पडली की दिव्याच्या वातीची चरचर ऐकू यावी. कोणाला काही सुचेना. बारकीने ताईकडे बघितलं. ताईने पहिली ओळ म्हटली. जोरात नाही, ठासूनही नाही. त्यांना ऐकू जाईल इतकीच. वडिलांनी डोळे उघडले, एकदा मागे वळून बघितलं, आणि ती ओळ हातात घेऊन ते परत आले. बारकीने त्या दिवशी काही म्हटलं नव्हतं. तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटला नव्हता. इतक्या वर्षांनी, मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून जाताना, बाईंना तो न फुटलेला आवाज पुन्हा आठवला.

प्रासादाच्या मोठ्या जिन्यावर आधीच्या राष्ट्रपतींची तैलचित्रं होती. चढताना उजव्या हाताला पहिले. त्यांनी एवढ्या मोठ्या वास्तूतल्या दोन खोल्या वापरल्या आणि बाकीच्यांना कुलपं घातली. त्यांच्यानंतर निवडलेले ते सेनापती, ज्यांना सलाम घ्यायची इतकी सवय होती की म्हणे आरशासमोरही हात उचलला जायचा. मग डॉक्टर, कोणालाच बहुमत मिळालं नाही त्या आठवड्यात सरकार बनवायला कोणाला बोलवावं म्हणून ते गच्चीवर फेऱ्या मारत राहिले, आणि ज्याला बोलवलं तो पुढे पाच वर्षं त्यांच्याशी धड शब्द बोलला नाही. मग ते शिक्षणतज्ज्ञ, ज्यांनी एक विधेयक फेरविचारासाठी परत पाठवलं. घटनेने तेवढी एकच मुभा दिली होती: एकदा परत पाठवायचं. संसदेने पुन्हा तेच पाठवलं तर मुकाट्याने सही करायची. त्यांचं विधेयक जसंच्या तसं परत आलं, त्यांनी सही केली, आणि लोक विसरले. चित्रकाराने त्यांच्या हातात पुस्तक दिलं होतं, पण नजर पुस्तकात नव्हती, चौकटीबाहेर कुठेतरी होती. शेवटी एक रिकामी जागा होती. खिळा आधीच मारून ठेवलेला. बाई त्या खिळ्याकडे बघायचं टाळत. आज त्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सचिव आले. सचिव म्हणजे प्रासादाचा जिवंत कायदा; तीन राष्ट्रपती त्यांच्या हाताखालून गेले, असं ते स्वतःच गमतीने म्हणायचे. त्यांनी टोपण काढलेलं पेन टेबलावर ठेवलं, आणि बाईंनी उचललं नाही म्हणून पुन्हा टोपण घातलं.

"परत पाठवता येईल?" बाईंनी विचारलं.

"येईल. आपला अधिकार आहे." सचिव म्हणाले. "पण आपली बहीण त्या यादीतल्या घरात राहते. लोक म्हणतील, बाईंनी बहिणीसाठी केलं."

"आणि सही केली तर काय म्हणतील?"

"काही नाही, बाई. सहीबद्दल कोणी कधी काही म्हणत नाही."

त्या उत्तरात टोचणी नव्हती, म्हणूनच ते जास्त टोचलं. सचिव गेल्यावर बाई त्या खोलीत एकट्या उरल्या. एकट्या म्हणजे तशा नव्हत्याच. दाराबाहेर दोघे, गॅलरीत एक, बागेत कितीतरी. पण आपलं म्हणून ज्याला विचारावं असं माणूस नव्हतं. पंतप्रधानांना विचारावं तर सल्ला त्यांचाच. न्यायाधीशांना विचारायचं नाही, पत्रकारांशी बोलायचं नाही, जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायचा नाही. आणि ज्या एकीला विचारलं असतं, तीच या सगळ्याच्या मध्यभागी चहा ढवळत बसलेली. बाई स्वतःलाच विचारू लागल्या: हे घर ताईचं नसतं तर? तर मी कधीच परत पाठवलं असतं. मग मी ते न्यायासाठी थांबवतेय की बहिणीसाठी? आणि बहीण यादीत आहे म्हणून सही केली, तर तो तरी न्याय की नुसतं नाव वाचवणं? वर्गात असं कोडं घातलं असतं तर तास कसा रंगला असता! आता वर्ग नव्हता. फळाही नव्हता, पुसून टाकायला.

मन अशा वेळी देवाकडे वळतं, तसं वळलं. पण देवापुढे बसल्यावरही शब्द येईनात. या चार वर्षांत दुसऱ्यांनी लिहिलेलं इतकं वाचलं होतं, "माझं सरकार असं करील, माझं सरकार तसं करील," की स्वतःचं मागणं कोणत्या शब्दात मागायचं हेच सुचेना. त्या नुसत्या बसून राहिल्या. देव ओळखीचा आहे, बोललो नाही तरी रागावणार नाही, एवढाच काय तो आधार.

त्या आठवड्याच्या मधेच सकाळी ताईचा फोन आला. आवाजामागे कुठेतरी बऱ्याच बायका बोलत होत्या, भांडी वाजत होती.

"कुठून बोलतेस?"

"अगं, ते गावाबाहेर वृद्ध बायकांचं घर आहे ना, तिथून. खोली छान आहे. खिडकीत झाड आहे. किल्ली दिली मी घरमालकाला."

"कधी? का? ताई, तू..."

"का म्हणजे? तीन जिने आहेत तिथे. दम लागतो मला."

"तुला कधी दम लागला? परवा मला घ्यायला खाली आलीस आणि माझ्याआधी वर पोहोचलीस."

"परवा नाही लागला, आज लागला," ताई म्हणाली. मग आवाज जरा खाली आला, जुन्या ऑपरेटरचा, कानाशी लागून बोलणारा. "बारके, माझं काही नाही आता त्या इमारतीत. ऐकतेस ना? चमचासुद्धा नाही. आता तुझं तू बघ."

"मी तुला मागितलं होतं का हे?"

"नाही. तू काहीच नाही मागितलंस. नुसती बसली होतीस, हात टेबलाखाली घेऊन. आणि इथे येऊ नकोस हं उगाच. तुझी ती कुत्री बघून या म्हाताऱ्या घाबरतील. एकीला आधीच धाप आहे. फोन कर."

ताईने फोन ठेवला तरी बाई आपला हातात धरून होत्या. मागितलं नव्हतं, हे खरं. पण रविवारी त्या जे गप्प बसल्या, घड्याळजींसमोर, बिस्किटांसमोर, ते ताईने ऐकलं होतं. दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात जन्म घालवलेल्या ताईला न बोललेलंही ऐकू जातं. आपल्या लहान बहिणीचा आवाज पुन्हा एकदा फुटत नाहीये हे बघून ती पुन्हा एकदा पुढे झाली होती. फक्त या वेळी तिने ओळ म्हटली नव्हती. ती वाटेतून बाजूला झाली होती, आणि बाजूला होताना बारकीचं जगातलं एकुलतं एक दार घेऊन गेली होती.

बाईंनी सचिवांना बोलावलं. "परत पाठवायचं आहे."

"मसुदा तयार करतो. कारणं सविस्तर..."

"मसुदा नको. मी लिहिते."

त्यांनी जुना कायदा मागवला, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी झालेला, ज्याच्या जागी हे नवं विधेयक येणार होतं. त्याचं पहिलं कलम उघडलं, आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने, फळ्यावर लिहीत तसं मोठं, ते उतरवून काढलं: कोणालाही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय राहत्या घरातून काढलं जाणार नाही. खाली काही लिहिलं नाही. ना आरोप, ना उपदेश, ना सल्ला.

सचिवांनी कागद वाचला, उलटा करून बघितला. "एवढंच? बाई, हे तर त्यांचंच आहे. त्यांच्याच आधीच्या संसदेचं."

"हो. त्यांचीच पहिली ओळ."

पंतप्रधान ठरलेल्या दिवशी आले. सभ्य माणूस, बाईंना तेही बाईच म्हणत. चहाला त्यांनी हात लावला नाही. "बाई, आम्ही ते जसंच्या तसं परत पाठवलं तर?"

"तर मी सही करीन. तोच नियम आहे."

"मग उपयोग काय?"

बाईंना छपराचं उत्तर जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "उपयोग तुम्ही ठरवायचा. मी फक्त ऐकू जाईल इतकं म्हटलंय."

पंतप्रधान उठताना म्हणाले, "आपल्या भगिनींनी घर सोडलं, असं कानावर आलं."

"हो. त्यांना जिने होत नाहीत आता," बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण किती सहज खोटं बोलू शकतो, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

मग ताईचा रविवार आला. विधेयक संसदेकडे होतं. काय होणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी ठरल्या वेळी बाईंनी सवयीने चपला बदलल्या, चष्म्याची काच पुसली, आणि मग कुठे जायचं आहे ते आठवून त्या पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. ताईच्या त्या घरात आता दुसरं कोणी राहायला आलं असेल, किंवा कोणीच नाही. ते फुगलेलं हिरवं दार रिकाम्या खोलीत वाऱ्याने आपलं आपण कुरकुरत असेल. फोन केला. प्रासादाचा ऑपरेटर अदबीने म्हणाला, "बाई, जोडून देतो." तिकडून कोणीतरी म्हणालं की ताई झोपल्यात, उठवू का? "नको," बाई म्हणाल्या. "झोपू दे."

त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या. त्यांची पावलं ओळखून बाहेरच्यांनी मुठीला हात घातल्याचा बारीक आवाज झाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "उघडू नका."

बाहेरचे हात मुठीवरून निघाले. बाईंनी दाराच्या थंड, कोरलेल्या लाकडावर तळवा टेकवला आणि ढकललं. दार हललं नाही. त्यांनी दुसरा हात लावला, खांदा लावला, श्वास धरून रेटलं. वयाला न शोभेल असा एक हुंकार आला तोंडातून. दार जिथल्या तिथे. मग पलीकडून, वर्षानुवर्षं तिथेच उभा असलेल्या म्हाताऱ्या शिपायाचा आवाज आला, संकोचाने अगदी बारीक झालेला: "बाई... ते ढकलायचं नाही. आपल्या बाजूला ओढायचं आहे."

बाईंनी तोंडावर हात दाबला. हसू आलं, थेट ताईचं हसू, तसंच खांदे हलवणारं. आणि ते वाटून घ्यायला खोलीत कोणी नाही हे कळल्यावरही ते थांबेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग नुसतं पाणीच उरलं. त्यांनी ते पुसलं, पितळी मूठ धरली आणि ओढली. जड होतं. चार वर्षं दुसऱ्यांच्या हातांना जड लागत असणार. दार उघडलं. बाहेर दोघे शिपाई उभे, पांढऱ्या हातमोज्यांतले हात लोंबकळलेले, त्यांचं काय करावं ते न सुचून. समोरचा लांब वाटोळा जिना, आणि त्यावरची चित्रं, आणि शेवटचा तो खिळा, सगळं जागच्या जागी.

बाई दोन पावलं पुढे झाल्या. म्हातारा शिपाई मागून दार बंद करायला वळला. मुठीवर हात पडला, आता कुलपाची जीभ खट्कन बसणार, तेवढ्यात बाईंनी वळून त्याच्याकडे बघितलं.

"कडी नको लावू," त्या म्हणाल्या. "नुसतं लोटून ठेव."